गळतीसाहेबांचा बंद खोका

गळतीसाहेबांचा स्पीकर दुसऱ्या गाण्याच्या मध्यावर गेला आणि पुढची नऊ गाणी त्यांनी मुक्यानेच वाजवली. आता स्पीकर गेला याचं एवढं काही नाही. वस्तू आहे, कधी ना कधी जायचीच. पण हा माणूस गळ्यात बेस गिटार अडकवून, डोळे मिटून, मान डोलवत तासभर तारा छेडत होता, त्यातून सूर सोडाच, साधी खरखरसुद्धा बाहेर पडत नव्हती, आणि भरल्या सभागृहात एकाच्याही ते लक्षात आलं नाही! ड्रम वाजवणारा त्यांच्यापासून हातभर अंतरावर बसतो. त्याला पत्ता नाही. बँडचे प्रमुख आणि गायक म्हणजे एक दंतवैद्य. त्यांनी तर कार्यक्रम संपल्यावर पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "आज तुझं फार सुरेख झालं हं! अगदी मापात." पहिल्या रांगेत बसलेली पत्नी घरी जाताना म्हणाली, "आज माझं डोकं अजिबात दुखलं नाही बघा."

माणसानं जगावं कसं, तुम्हीच सांगा!

गळतीसाहेब हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पाणीपुरवठा खात्यात ते गळती तपासनीस. कुठे भिंत ओली झाली, छत ठिबकलं, रस्त्यातून झरा फुटला, की हे जाऊन जमिनीला कान लावणार आणि म्हणणार, "इथे खणा." तीस वर्षं हेच केल्यावर सगळे त्यांना गळतीसाहेब म्हणू लागले. पुढे खुद्द सासूबाईच फोनवर "गळतीसाहेब आहेत का घरात?" असं विचारू लागल्या, तेव्हा खरं नाव कपाटातल्या कागदपत्रांपुरतं उरलं.

मंगळवारी दंतवैद्यांच्या दवाखान्यात तालीम असते. पेशंटच्या खुर्च्या भिंतीला सरकवायच्या आणि सुरू करायचं. दुसरा कोणी असता तर झाल्या प्रकाराबद्दल चकार शब्द काढला नसता. पण गळती दिसली की नोंद करायची, ही खात्याची सवय. गळतीसाहेबांनी सगळं सांगून टाकलं.  दंतवैद्यांनी घसा खाकरला आणि 'दात काढावा लागेल' हे सांगताना लावतात तो मऊ आवाज लावला.

"हे बघ, राग मानू नकोस. पण नऊ गाणी तुझ्याशिवाय झाली, आणि तशी बरी झाली."

"बरी झाली?"

"चांगली झाली असं मी म्हणत नाही. उगाच तुला वाईट वाटायचं. आता माझा मेहुणा इकडे राहायला आलाय. त्याच्या कीबोर्डवर डाव्या हातानं बेस वाजतो. उजवा हात आणखी मोकळाच."

"आणि मी काय करू?"

"तू दिव्यांचं बघ ना! आपल्याकडे दिव्यांकडे कोणाचंच लक्ष नसतं."

अकरा वर्षं वाजवत होते हो ते! ऑफिसातून आल्यावर हातपाय धुवायच्या आधी तारा पुसणारा माणूस. गळतीसाहेबांना रडू यायचंच बाकी राहिलं होतं. पण त्यांनी ते गिळलं आणि ताठ होऊन म्हणाले, "पुढच्या शनिवारी वाचनालयाचा कार्यक्रम आहे. तोपर्यंत माझा स्पीकरचा खोका वाजला आणि लोकांना ऐकू आला, तर मी वाजवणार. नाही तर आपणहून दिव्यांपाशी जाऊन बसतो." दंतवैद्य इतक्या चटकन "ठरलं" म्हणाले की तोही एक अपमानच झाला.

इमारतीत बातमी पसरायला जिन्यात दोन मिनिटं उभं राहिलं तरी पुरतं. समोरचे विमावाले काका म्हणाले, "सगळ्यात जास्त वॅटचा घ्या. वस्तू नेहमी गरजेपेक्षा मोठी घ्यावी." पत्नी म्हणाली, "हलका घ्या, जिना तुम्हालाच चढायचाय." तिसऱ्या मजल्यावरचे सुतारमामा खोका बघायलाच खाली आले. त्यांनी नवं ड्रिल घेऊन आठच दिवस झाले होते. खोक्याभोवती एक फेरी मारून ते म्हणाले, "चारी बाजूंनी बंद? मग बिचाऱ्या आवाजानं जायचं कुठून? मागे चार भोकं पाडतो. छान जाळीही बसवतो."

"मामा, हा बंदच असतो. बंद खोक्याचा बेस आहे हा."

"बंद दुधाचा डबासुद्धा मी भोक पाडल्याशिवाय ठेवत नाही," मामा म्हणाले. गळतीसाहेब मग जळका स्पीकर पिशवीत घालून बाजारात गेले.

स्पीकरवाल्या आजोबांच्या दुकानात एक माणूस उभा राहील एवढी जागा मोकळी होती, बाकी सगळी स्पीकरांनी व्यापलेली. आजोबांनी पिशवीतला स्पीकर उचलला, उलटा केला आणि फुलाचा घ्यावा तसा त्याचा वास घेतला.

"कॉइल जळली. पण हा तुम्हाला दिला कोणी?"

"खोक्याबरोबरच आला होता. जुना घेतला होता ना."

"हा भोकवाल्या खोक्याचा स्पीकर आहे. बंद खोक्यात हा वाजत नाही, नुसता घोरतो. किती वर्षं घोरतोय?"

"अकरा," गळतीसाहेब पुटपुटले.

"मग सुटला बिचारा," आजोबा म्हणाले.

समोर तीन नवे स्पीकर मांडलेले होते. तिन्ही पंधरा इंची, दिसायला सख्खे भाऊ. गळतीसाहेबांनी विमावाल्या काकांना स्मरून सर्वात जास्त वॅटच्या स्पीकरकडे बोट केलं. आजोबांनी बोट धरून बाजूला केलं.

"वॅट नंतर. आधी ऐका. बंद खोक्यात हवा कोंडलेली असते. पडदा आत गेला की ती हवा त्याला बाहेर लोटते. गादीवर उडी मारावी तसं. खोका लहान तर गादी कडक, मोठा तर मऊ. आता गादी कशी आहे हे कळल्याशिवाय मी माणूस कसा निवडू? खोक्यात आत हवा किती लिटर मावते, ते सांगा. मग स्पीकर देतो. त्याआधी मागितलात तरी देणार नाही."

"लांबी, रुंदी, उंची मोजून आणतो."

"आत तिरक्या फळ्या असतात, कोपऱ्यात ठोकळे असतात. टेप लावाल तर चुकाल. लिटर आणा, लिटर!"

लिटर! गळतीसाहेबांचा चेहरा उजळला. या जगात एक विषय असा होता की ज्यात त्यांना दंतवैद्याचा मेहुणा काय, मेहुण्याचा बापही हरवू शकला नसता.

खात्यात नव्या टाकीची परीक्षा कशी घेतात? मीटर लावून काठोकाठ पाणी भरायचं, आकडा टिपायचा आणि पातळी उतरते का बघत बसायचं. किती मावतं तेही कळतं, गळतं का तेही कळतं. आता बंद खोका म्हणजे काय, तर जिथून हवासुद्धा निसटत नाही. जिथून हवा निसटत नाही तिथून पाणी कसलं निसटतंय? हा विचार गळतीसाहेबांना इतका पटला, इतका पटला, की लाकडाला पाण्याबद्दल काय वाटतं याची चौकशी करायची राहूनच गेली.

रविवारी सकाळी त्यांनी खोका मागच्या बाल्कनीत नेला, कारण बाथरूमच्या दारातून तो दोन इंचांनी जाईना. पाठीवर निजवला. मागच्या बाजूचं वायर जोडायचं छिद्र त्यांनी आधीच पुट्टी भरून बुजवलं होतं. स्पीकरचं मोठं गोल भोक आता वर आलं, त्यात पाइप सोडला आणि पाइपला चाचणीचा मीटर जोडला.

"अहो, हे लाकूड आहे ना?" पत्नीनं स्वयंपाकघरातून विचारलं.

"उत्तम प्रतीचं प्लायवूड आहे. माझ्या कामात लक्ष घालू नकोस."

मीटर पन्नासवर गेला, साठवर गेला, ऐंशीवर गेला. गळतीसाहेबांची छाती फुगत चालली. शंभर झाले तेव्हा मात्र ते जरा विचारात पडले. एवढासा खोका, पितो किती! नऊ चाळीसला पाणी काठाला लागलं आणि मीटरवर आकडा आला एकशे चार. त्यांनी नळ बंद केला, वहीत वेळ आणि आकडा टिपला, मान वर करून बघतात तो पातळी बोटभर उतरलेली. मग दोन बोटं. मग खोका पोट फुगल्यासारखा दिसायला लागला. मग मागच्या फळीनं 'टक्क' असा आवाज केला आणि उरलेलं पाणी कोणाचीही परवानगी न घेता निघून गेलं. बाल्कनीच्या पन्हाळीतून ते सरळ खाली गेलं.

खाली राहतात निवृत्त मुख्याध्यापिका. सगळी इमारत त्यांना बाई म्हणते. बाई रविवारी सकाळी बाल्कनीत खुर्ची टाकून वर्तमानपत्र वाचतात आणि त्यातल्या चुका लाल पेन्सिलीनं दुरुस्त करतात. छतातून पाणी पडलं तर सुजाण नागरिकानं काय करावं, हे त्यांनी तीस वर्षं मुलांना शिकवलं होतं. त्यांनी आरडाओरडा केला नाही. वर बघितलंसुद्धा नाही. फोन उचलून त्यांनी पाणीपुरवठा खात्याकडे रीतसर तक्रार नोंदवली.

सोमवारी सकाळी ती तक्रार गळतीसाहेबांच्या टेबलावर आली. 'वरून अज्ञात कारणाने पाणी पडते. त्वरित तपास व्हावा.' तपासनीस त्या भागाचे हेच. गेले बिचारे नोंदवही घेऊन. बेल वाजवली.

"नमस्कार बाई. मी पाणीपुरवठा खात्याकडून आलोय."

"तुम्ही कुठून आलात ते मला ठाऊक आहे," बाई म्हणाल्या. "वरून."

गळतीसाहेबांनी मान खाली घालून सगळं सांगितलं. खोका, लिटर, दंतवैद्य, मेहुणा, दिवे. बाईंनी मध्ये एकदाही अडवलं नाही. शेवटी चष्मा पुसत म्हणाल्या, "म्हणजे तुमचा एकशे चार हा आकडा चुकला. भरता भरताच गळत होतं. खाली पडलेलं पाणी वजा केलंत का?"

"ते कोण मोजणार, बाई?"

बाईंनी लाल पेन्सिलीनं लिहिलेला कागद पुढे केला. "नऊ चाळीसपर्यंत दहा लिटरच्या दोन बादल्या आणि तीन लिटरचं एक पातेलं. पुढचं मोजलं नाही. तेव्हा मी खुर्ची आत ओढत होते."

गळतीसाहेबांना बाईंच्या पायाच पडावंसं वाटलं. दोघांनी बसून हिशेब केला. एकशे चारातून तेवीस गेले, उरले एक्क्याऐंशी. फरशीत मुरलं असेल त्याचं काय यावर थोडा वाद झाला, बाईंनी अर्धा लिटर मान्य केला, आणि साडेऐंशी लिटर हा आकडा अधोरेखित करून त्यांनी चहा टाकला. इतकं सुखाचं तक्रार निवारण खात्याच्या इतिहासात झालं नसेल.

आता अहवालात काहीतरी थातूरमातूर लिहून मोकळं होता आलं असतं. पण तीस वर्षांत गळतीसाहेबांनी खोटा शेरा मारला नव्हता. कारणाच्या रकान्यात त्यांनी लिहिलं, 'तपासनिसाच्या राहत्या घरी स्पीकरच्या खोक्याची जलचाचणी.' तो कागद वाचून उपअभियंता साहेबांनी त्यांना आत बोलावलं.

"हे कशात बसवायचं? फॉर्मवर तीनच चौकोन आहेत. नळ, वाहिनी, टाकी. खोका नाही."

"साहेब, तो वाजवायचा खोका आहे."

"त्यात पाणी भरलं होतं? भरल्यावर साठलं होतं?"

"थोडा वेळ."

"मग टाकी. परवाना आहे? नाही. म्हणजे विनापरवाना टाकी." आणि साहेबांनी नोटीस काढली. शनिवारी दुपारी पाहणी होईल, तोवर सदर टाकी जागेवरून हलवू नये.

त्या भागातल्या नोटिसा बजावायचं कामही गळतीसाहेबांकडेच. त्यांनी घरी जाऊन स्वतःच्या दाराची बेल वाजवली. पत्नी आंघोळीला गेली होती, त्यामुळे बराच वेळ कोणी दार उघडलं नाही. 'पहिल्या फेरीत इसम घरी आढळला नाही' असं लिहावं का, यावर त्यांनी जिन्यात उभं राहून प्रामाणिकपणे विचार केला. अखेर दार उघडलं, त्यांनी स्वतःला नोटीस दिली, पोच म्हणून स्वतःची सही घेतली आणि मग बूट काढले.

ते चार दिवस त्या घरानं कसे काढले ते त्यालाच माहीत. खोका हलवायचा नाही, म्हणून वाळवायचा तोही बाल्कनीतच. एका बाजूला टेबलफॅन, दुसऱ्या बाजूला पत्नीचा केस वाळवायचा ड्रायर. दर तासाला गळतीसाहेब फळीला गाल लावून बघत, ओली आहे का. मागची फळी निखळलेली बघून सुतारमामांना मात्र मनापासून आनंद झाला. त्यांनी कडा घासून सरळ केल्या, सरस लावला, शिकंजे आवळले, आणि वायरच्या छिद्राला आतून चांगली रबरी चकती बसवली. भोक पाडायला मिळालं नाही याची भरपाई म्हणून, न विचारता आत एक जाडजूड आडवी पट्टी ठोकली. "आता हत्ती बसला तरी फुटायचा नाही," मामा म्हणाले.

"मामा, त्या पट्टीनं माझे दोन लिटर खाल्ले!"

पुन्हा आजोबांचं दुकान. आजोबांनी साडेअठ्ठ्याहत्तर हा आकडा ऐकला, कागदावर काहीतरी मांडलं आणि म्हणाले, "आत पॉलिस्टरचा कापूस भरा, सैलसर. आत भरणा असला की खोका आहे त्यापेक्षा मोठा असल्यासारखा वागतो." मग त्यांनी तिघा भावांपैकी एकाला उचललं. सर्वात जास्त वॅटचा नव्हे, सर्वात हलका तर नव्हेच. जड चुंबकाचा आणि मऊ कडांचा तो मधला. "तुमच्या अँप्लिफायरला आठ ओहमचा लागतो, हा आठचाच आहे. बसवताना कडेला फोमची पट्टी लावा, आणि आवळताना स्क्रू समोरासमोरचे आवळा. एका बाजूनं आवळत गेलात तर दुसरीकडून हवा निसटेल. गळतीतलं तुम्हाला मी काय शिकवणार!" हे वाक्य गळतीसाहेबांनी घरी येऊन पत्नीला तीनदा ऐकवलं. ते ऐकवत असतानाच तिनं निमूटपणे स्वतःची उशी उसवली आणि आतला कापूस त्यांच्यापुढे ठेवला.

शनिवारी दुपारी स्पीकर बसला. शेवटचा स्क्रू फिरवतात तोच उपअभियंता साहेब दारात. हातात नोटिशीची फाइल, मागे कसं होतंय ते बघायला विमावाले काका, सुतारमामा आणि बाई. बाल्कनीत पाय ठेवायला जागा उरली नाही.

"नियम सोपा आहे," साहेब म्हणाले. "यात पाणी साठत नाही, गळून जातं, असं दिसलं तर ही टाकी नव्हे. नोटीस रद्द. आणा पाणी."

 सहाला कार्यक्रम. खोका गळला तर खात्यातून सुटका, पण बेसचं वाटोळं. नाही गळला तर बेस उत्तम, पण खोका बाल्कनीत आणि मेहुणा स्टेजवर. आणि नव्याकोऱ्या स्पीकरवर पाणी ओतायचं ते ओतायचंच!

"एक मिनिट," बाई म्हणाल्या. आवाज तोच, वर्गातला. साहेबांनी नकळत फाइल छातीशी धरली. "टाकीची व्याख्या सांगा."

"जिला पाणी आत येण्याचा मार्ग आणि बाहेर जाण्याचा मार्ग..."

"बरोबर. आता यात आत येण्याचा मार्ग दाखवा."

साहेबांनी खोक्याभोवती फेरी मारली. वाकून खालून बघितलं. मागच्या वायरच्या जागेवर नख घासून पाहिलं. शेवटी समोर येऊन त्यांनी स्पीकरच्या पडद्यावर चार बोटं ठेवली आणि हलकेच दाबलं. पडदा आत गेला. बोटं काढली, तर तो सावकाश, अगदी नाइलाजानं परत यावं तसा बाहेर आला.

"हे काय?"

"हवा, साहेब!" गळतीसाहेबांचा आवाज चिरकला. "आतली हवा! तिला बाहेर पडायला कुठे वाटच नाही! पुन्हा दाबा, साहेब, पुन्हा दाबा!"

साहेबांनी पुन्हा दाबलं. मग विमावाल्या काकांनी दाबलं, मामांनी दाबलं, सर्वांत शेवटी बाईंनी एका बोटानं दाबून मान डोलावली. साहेबांनी शेरा लिहिला, 'पाहणीअंती सदर ठिकाणी टाकी आढळली नाही. गळतीही आढळली नाही.' पाच वाजले होते. खोका उतरवायला तिघे धावले आणि जिन्याच्या वळणावर दिशा कोणी सांगायची यावरून भांडले. साहेबांनी तेवढा वेळ बेस गिटार सांभाळली. मग आलोच आहोत तर बघून जाऊ म्हणून तेही वाचनालयात आले.

पहिल्या गाण्याला गळतीसाहेबांनी पहिला सूर लावला आणि ड्रमवाल्यानं दचकून मागे बघितलं. कोणी आलंय असंच त्याला वाटलं. सूर जमिनीतून येत होता, खुर्च्यांतून वर चढत होता. पेंगायला आलेले दोन सभासद सरळ बसले. दुसऱ्या गाण्यात लोकांचे पाय हलायला लागले, आणि दिव्यांपाशी बसवलेला मेहुणासुद्धा डावा हात मांडीवर नाचवू लागला. गळतीसाहेबांनी डोळे मिटले. अंगातून सुख नुसतं वाहत होतं.

तिसऱ्या गाण्यात दुसऱ्या कडव्याला चाल वर चढते. गळतीसाहेब खाली उतरले. पूर्ण सभागृहाला ऐकू जाईल असा, गोल, भरदार, स्वच्छ आणि साफ चुकीचा सूर! लोकांनी माना वळवल्या. बाईंचा हात पर्समधल्या लाल पेन्सिलीकडे गेला. दंतवैद्यांनी गाणं कसंबसं तडीस नेलं, टाळ्या पडत असतानाच माइकवर हात ठेवला आणि दातओठ खात ते यांच्यापाशी आले.

"अरे, खाली काय गेलास? वर जायचं असतं तिथे!"

"मी नेहमी खालीच जातो."

"नेहमी? म्हणजे कधीपासून?"

"अकरा वर्षं."

दंतवैद्यांचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. पेशंटचं राहतं तसं. मग ते म्हणाले, "मंगळवारी अर्धा तास लवकर ये. आधी तुझी ती ओळ बसवतो. असं चालणार नाही, सगळं ऐकू येतंय आता!"

"ऐकू आलं ना?" गळतीसाहेब म्हणाले. "चुकलं ते सगळ्यांना ऐकू आलं ना?" आणि ते हसायला लागले. अकरा वर्षांत पहिल्यांदा त्यांची चूक कोणीतरी काढली होती. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं, गिटारवर पडलं. चौथं गाणं सुरू व्हायला चांगली दोन मिनिटं उशीर झाला. ड्रमवाला काठ्या वर धरून बसला होता, बँडमधला दुसरा गिटारवाला बघत होता, दंतवैद्य माइकपाशी उभे होते, पण सुरू कोणीच करीना. सगळे गळतीसाहेबांसाठी थांबले होते.